निवडलेला घेवडा

४ जून
(थोरली धाकटीला)

आईच्या नावाखाली तू वाचनालयात कचरा ठेवलास. पाकिटावर झोकदार अक्षरात ‘आमच्या आईचा घेवडा’, खाली तुझं नाव, तुझा पत्ता. आणि आत? तीन दाण्यांत एक पांढरा. बाकीचे तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे, काही तर शेळीच्या लेंड्यांसारखे काळेकुळकुळीत. माझी मान खाली गेली. बरं झालं, ग्रंथपालबाई तेवढ्यात चष्मा पुसत होत्या.

धाकटे, आता नमस्कार घे. राग आधी, नमस्कार नंतर, माझी रीत तुला ठाऊक आहे. नात म्हणते, आजी, फोन कर. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू रडतेस. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. चौथीपर्यंत शिकले ती कशाला?

वाचनालयात बियांचं कपाट केलंय. ज्याच्याकडे जुनं बी आहे त्याने पाकिटात घालून ठेवायचं, ज्याला परसात लावायचं त्याने चमचाभर न्यायचं आणि पुढच्या वर्षी तेवढंच परत आणून ठेवायचं. कल्पना वाईट नाही. पण नातीने तुला कळवलं, मला नाही. मी एकतीस वर्षं धान्याच्या वखारीत निवडणारी होते. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, “या बाईच्या हाताखालून गेलेल्या डाळीत खडा निघाला तर पोतं फुकट.” एकदाही द्यावं लागलं नाही. बाजूला काढलेलं निवडणारीने घरी न्यायचं, असा तिथला नेम होता. त्यावर आपण किती दिवस काढलेत ते तू विसरलीस की काय?

आईचा घेवडा मी तसाच सांभाळला. एकेक दाणा उजेडाला धरून. डाग दिसला की बाजूला. आज माझा घेवडा बघ, एका मापाचे दात. आणि तुझा, वखार झाडल्यावर केरसुणीखाली येतो तो.

ग्रंथपालबाईंशी बोलले आहे. काय करायचं ते मी बघते. तू मध्ये पडू नकोस. गुडघा तसाच आहे.

ताई


११ जून
(धाकटी थोरलीला)

ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून सुनेने विचारलं, “आई, कुणी गेलं का?” म्हटलं, नाही गं, ताई आहे. ठणठणीत आहे.

मुलाकडे येऊन मला चार महिने झाले. चौथा मजला. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आणि एक कुंडी मावते, कुंडीत सुनेची कोरफड. शिवणयंत्र बरोबर आणलं, परस काही उचलून आणता आलं नाही. म्हणून होतं नव्हतं ते सगळं बी वाचनालयाला पाठवलं. स्वतःकडे एक दाणा ठेवला नाही. ठेवला असता तर रोज डबा उघडून बघत बसले असते.

तू म्हणतेस कचरा. ताई, तो असाच असतो. आईचा असाच होता. तू वखारीत लागलीस आणि तुला पांढऱ्याशिवाय काही दिसेनासं झालं.

माझ्यावर हवं तेवढं रागव. कापड बेतताना मी आजही खडू दातात धरते, त्यावरूनही बोल. पण पाकीट आहे तिथे राहू दे. हात लावू नकोस. एवढं एकदा माझं ऐक.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी धाकटी


२१ जून
(थोरली धाकटीला)

पाकीट जागच्या जागी आहे. कालच बघून आले. वरून दुसरा खण, भोपळ्याच्या शेजारी. तुझं अक्षर, तुझं नाव. ग्रंथपालबाईंच्या वहीत अकरा घरांची नोंद आहे, अकरा जणांनी नेलंय. झालं समाधान?

हात लावू नकोस म्हणे. मोठ्या बहिणीला असं लिहितात का? तुझे फ्रॉक मी धुतलेत.

इकडे नवीन काही नाही. भिंतीपलीकडे पंक्चरवाल्याचं दुकान आहे ना, त्याने फुटक्या टायरांची उतरंड रचून त्यात माती भरलीय आणि काहीतरी टोचलंय. कोंब वर आलेत. मी विचारलं, “काय लावलंस रे?” तर म्हणतो, “काय येतंय ते बघू, आजी.” काय येणार ते माहीत नसताना पाणी घालणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. माझ्या भिंतीवर चढलं तर कात्री चालवीन, असं आत्ताच सांगून ठेवलंय.

तू म्हणालीस म्हणून शेकायची पिशवी शिवली. उशीच्या जुन्या अभ्र्याची. तव्यावर तापवायची आणि गुडघ्यावर ठेवायची, ऊब अर्धा तास टिकते. टाके बघितलेस तर हसशील. वाळू नाही घातली, घरातलंच काहीबाही भरलं. वखारीतल्या बाईला टाकवत नाही.

ताई


९ सप्टेंबर
(धाकटी थोरलीला)

ताईस नमस्कार.

तू म्हणत होतीस तेच खरं निघालं. ग्रंथपालबाईंचं पत्र आलं. पाकिटावर माझा पत्ता होता म्हणून मला लिहिलं. अकराही घरचा घेवडा तांबेऱ्याने गेला. पानांवर तांबूस भुकटी धरली, बोट लावलं तर बोटाला येते म्हणे, आणि शेंग धरायच्या आत वेल उभे वाळले. “आम्ही आपल्याला दोष देत नाही, पण बी दुबळं दिसतं, तेव्हा पाकीट कपाटातून काढत आहोत.” किती सभ्यपणे लिहिलंय. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

शाळेच्या शिपायाच्या दोन मुलींनी रोज तांब्या तांब्याने पाणी घातलं होतं, असंही त्यात आहे. ते त्यांनी लिहायला नको होतं.

मी यंत्रावर कापड टाकून ठेवलंय. सुनेला म्हटलं डोकं दुखतं. डबा मी दमट भिंतीशी ठेवला असणार, जुन्या घराची ती भिंत पाझरायचीच. आईने दिलेली एक गोष्ट, ती मला धड राखता आली नाही. वर तिचं नाव पाकिटावर घालून लोकांच्या दारात पाठवली. तू पहिल्याच पत्रात बोललीस तेव्हा मी तुला उलट शिकवलं.

तुझ्यातलं मूठभर पाठव. पांढरं तर पांढरं. तुझ्या नावाने वाचनालयाला देईन. आईचं बी माझ्या हातून संपलं, असं व्हायला नको.

धाकटी


१९ सप्टेंबर
(थोरली धाकटीला)

धाकटे,

होतं असं. यंदा हवाच खराब होती. चार शेंगांसाठी कुणी यंत्र बंद ठेवत नाही.

माझं बी अजून वाळलं नाही. वाळलं की बघू.

पत्र लहान आहे. हात दुखतो.

ताई


३० सप्टेंबर
(धाकटी थोरलीला)

आज मीही राग आधी लिहिते, आणि नमस्कार लिहीनच असं नाही.

ग्रंथपालबाईंकडून पत्ते मागवून मी अकरा घरांना अकरा पत्रं लिहिली. एकेक हाताने. माझं चुकलं, बी नीट ठेवलं नाही, मुलांची मेहनत वाया गेली, माफ करा. चौघांची उत्तरं आली. शिपायाच्या बायकोने लिहिलंय, “काकू, माफी कसली मागता? दाणे इतके सुंदर होते! पांढरेशुभ्र, सगळे एकसारखे. आमच्या मुली तर माळ ओवायला मागत होत्या.”

पांढरेशुभ्र. सगळे एकसारखे.

मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. माझ्या पाकिटात तीन दाण्यांत एक पांढरा होता. हे मी नाही म्हणत, तू म्हणालीस, चार जूनला. तुझं पत्र इथे समोर आहे.

पाकीट जागच्या जागी होतं, खरंच होतं. तू खोटं बोलली नाहीस, ताई. तू नेहमीसारखं निवडून बोललीस. मी अकरा दारांशी नाक घासत होते तेव्हा तू लिहीत होतीस, हवा खराब होती.

आता आईचं सांगते. सांगणार नव्हते, तिला शब्द दिला होता.

आई बियाणं डोळे मिटून घ्यायची. वाळलेल्या शेंगा सोलून ढीग करायची, डोळे मिटायची आणि हाताला येतील त्या दोन मुठी डब्यात टाकायची. तुला वाटायचं तिला दिसत नाही. वखारीत लागून तुला वर्षही झालं नव्हतं, तू म्हणालीस, “सरक आई, तुझे डोळे गेलेत, मी निवडते.” आणि सूप घेऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी तू कामाला गेलीस की तू बाजूला काढलेलं सगळं तिने पुन्हा डब्यात मिसळलं. दरवर्षी मिसळायची. डबा मी धरायचे. मी म्हटलं, “आई, ताईला सांग ना.” म्हणाली, “तिला ही एकच गोष्ट येते असं तिला वाटतं. तेवढी तरी राहू दे तिला. यंदाचं वर्ष काळ्याचं की ठिपक्याचं, हे तुला माहीत आहे का? मला नाही. म्हणून मी बघत नाही.”

आई गेल्यावर तुझ्या डब्यात परत मिसळायला कुणी उरलं नाही.

माझं बी कुठे आहे? तेवढंच लिही. आणि खरं लिही.


१४ ऑक्टोबर
(थोरली धाकटीला)

तुझं बी माझ्या गुडघ्यावर होतं.

शेकायच्या पिशवीत. जूनपासून रोज संध्याकाळी ते मी तव्यावर भाजलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी पिशवी उसवली आणि दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आठ दिवस. एकालाही कोंब नाही. फडकं उघडलं की भाजल्याचा वास येतो. नात म्हणाली, “आजी, शेंगदाणे भाजतेस का?”

आता सगळं सरळ लिहिते. ग्रंथपालबाई चष्मा पुसत होत्या तेव्हाच पाकीट मी पिशवीत घातलं. त्यांच्याशी बोलले म्हणून लिहिलं होतं ना? आज उकडतंय, एवढंच बोलले होते. घरी येऊन तुझं बी सुपात घेतलं आणि निवडलं. पांढरे इकडे, बाकीचे तिकडे. हात आपोआप चालतात. पांढरे माझ्या पांढऱ्यांत मिसळले, पाकीट भरलं आणि दुसऱ्या दिवशी जागेवर ठेवलं. बाजूला काढलेलं निवडणाऱ्या बाईचं, त्याची पिशवी शिवली. मी चोरी करते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मी तुझी अब्रू झाकते आहे असं वाटलं.

माझ्या परसातले वेलही गेले. गेल्या वर्षी निम्मे, यंदा सगळे. गेल्या वर्षीचं तुला कळवलं नव्हतं. बी वाळलं नाही असं लिहिलं तेव्हा वाळायला काही नव्हतंच.

एक गोष्ट आहे ती कुणाला दाखवू नकोस. तुझं नऊ सप्टेंबरचं पत्र आलं, वेल गेल्याचं वाचलं, तेव्हा मला आधी बरं वाटलं. पाकिटावर हिचं नाव आहे, माझं नाही. हे पहिलं मनात आलं. त्यानंतर वाईट वाटलं, पण नंतर. तू यंत्रावर कापड टाकून बसलीस हे वाचलं, तरी मी तुला तसंच बसू दिलं. आईचं जे तू लिहिलंस त्यावर मी काही लिहिणार नाही. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

काठी घेऊन मी अकरा घरं फिरले. तुझ्या अकरा माफ्या परत आणायच्या होत्या. प्रत्येक दारात तेच सांगितलं, “ते बी माझ्या बहिणीचं नव्हतं. मी बदललं होतं. मेलं ते माझं.” शिपायाची बायको म्हणाली, “आजी, आत येऊन बसा तरी.” तिच्या मुली म्हणाल्या, “माळेचे दाणे उरलेत का?” म्हटलं नाहीत गं. एक म्हातारे कंपाउंडर आहेत, ते बिचारे आठवत बसले. म्हणाले, “कसला घेवडा? आम्ही तर विसरूनही गेलो.” धाकटे, कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी सवाई ओरडले असते, मला जमतं ते. दहा घरांनी पाणी विचारलं, अकराव्याने हात धरून पायऱ्या उतरवल्या.

शेवटी वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी ऐकून घेतलं. मग वही काढून पानं मागे उलटली आणि म्हणाल्या, “आजी, तुम्ही त्या दिवशी शेवटचंच पान बघितलंत. हे बघा, दोन जून. तुमच्या आधी एकाने नेलं होतं. माझी सायकल दुरुस्त करून द्यायला आला होता तो.”

पंक्चरवाला.

मी तिथेच स्टुलावर बसले. कारण तुला एक सांगायचं राहिलंय. ऑगस्टमध्ये त्याचा वेल माझ्या भिंतीवर चढला होता. बोलले होते तशी कात्री चालवली. हातभर लांबीचा, फुलांवर आलेला. जांभळी फुलं होती, माझ्या घेवड्याला पांढरी येतात, म्हणून मला वाटलं रानटी काहीतरी. त्याने उरलेला वेल सायकलच्या जुन्या ट्यूबने त्याच्या बाजूच्या खांबाला बांधला.

भिंतीला वळसा घालून गेले. तो टायर पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होता. मी म्हटलं, “तुझ्याशी बोलायचंय.”

म्हणाला, “आजी, भिंतीवर नाही आलाय तो. मी रोज बघतो.”

मनाला काय लागलं म्हणून सांगू.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझं, माझं, पिशवीचं, आईच्या डोळ्यांचं. त्याने टब सोडला नाही, पण हात थांबले होते. मग म्हणाला, “माझेही तीन वेल तांबेऱ्याने गेलेच. पांढऱ्या फुलांचे. बाकीच्यांना काही झालं नाही.” आणि आतून तेलाचा कापलेला डबा आणला. सोललेला घेवडा, अर्ध्याच्या वर भरलेला. वर एक नट पडलेला होता तो त्याने उचलून खिशात टाकला. मी विचारलं, “निवडलंस का?” हसला. “ग्रीसच्या हातांनी काय निवडणार, आजी? सापडलं ते टाकलं.”

मी मूठभर मागितलं. तो म्हणाला, घ्या. मी डोळे मिटले आणि हात घातला. तो घाबरला, “चक्कर आली का? बसा, बसा.” म्हटलं, “गप रे, बियाणं घेतेय.”

इतक्या वर्षांनी मी न बघता दाण्यांत हात घातला. बोटं सारखी डाग शोधत होती. डाग बोटांना लागत नाही, हे मला त्या डब्यात हात घातल्यावर कळलं.

डब्यातलं अर्धं बी तो वाचनालयाच्या कपाटात ठेवतोय. माझी मूठ एका फडक्यात गाठ मारून सोबत पाठवते आहे, ती तुझी. सुनेला सांग कोरफड हलव. गाठ मारताना मी आत बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, एक दाणा खाली पडला तो बघितला. काळा होता. उचलून आत टाकला.

आता एकच काम उरलंय. पंक्चरवाला विचारतो, “पाकिटावर नाव काय लिहू?” मी आयुष्यभर ‘पांढरा घेवडा’ म्हणत आले, ते आता कुठल्या तोंडाने सांगू? आई त्याला काहीतरी म्हणायची, मला ते आठवत नाही. डबा तू धरायचीस, तुला आठवत असेल.

तेव्हा या पत्राचं उत्तर मला लिहायचं नाही. मला लिहिलंस तर मी ते वाचून उशीखाली ठेवीन आणि मला पुन्हा बरं वाटेल. ते नको. त्याला लिही. पत्ता माझाच घाल, वर ‘भिंतीपलीकडे, पंक्चरवाला’ असं लिही. पोस्टमन चुकून माझ्या हातात देईल. मी न उघडता भिंतीवरून देईन. उत्तर त्यालाच दे.